सपाटीला पळते, घाटात बसते: एका जुन्या पिकअपचा दोष शोधताना

आमची पिकअप बीएस-३ या प्रदूषण नियमांच्या काळातली. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, कॉमन रेल इंजेक्शन (ते काय ते पुढे येईलच), मागे सव्वा टनाचा हौदा. देवगड तालुक्यातल्या बागेतला हापूस कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचवायचं काम ती कित्येक हंगाम करते आहे. नांदगाव तिठा, फोंडा, मग घाट चढून दाजीपूर, राधानगरी आणि कोल्हापूर. या रस्त्याची गंमत अशी, की भरलेली गाडी चढते आणि रिकामी उतरते. इंजिनात जरा जरी कसर असेल तर ती जाताना, पेट्यांचा भार पाठीवर असताना, रात्रीच्या चढणीत बाहेर येते. सपाटीवर दिवसभर फिरवा, काही कळत नाही.

गेल्या हंगामात तिचं दुखणं सुरू झालं ते असं. फोंडा सोडून घाटाला लागलो की दुसरा-तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, गाडी नीट चढते. मग एखाद्या वळणानंतर जोर जातो. पॅडल तळाला टेकवलं तरी इंजिन वर येत नाही. थोड्या वेळाने डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि त्यानंतर गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जायला साफ नकार देते. म्हणजे ईसीयूने, इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, जोर कापला. मेकॅनिक लोक ज्याला लिंप मोड म्हणतात तो. कडेला घेऊन चावी बंद करायची, पाच मिनिटं थांबायचं, परत मारायची. गाडी जणू काही झालंच नाही अशी चालू होते आणि पुढे काही वळणं सुरळीत चढून पुन्हा तेच.

घाटात रात्री भरलेली गाडी अशी उभी करणं धोक्याचं आहेच. त्यात हापूस थांबत नाही. उष्णतेत पेट्या जास्त वेळ राहिल्या, सकाळचा लिलाव चुकला, की दर पडतो. त्यामुळे लवकर उपाय करा म्हणून सगळ्यांचाच रेटा होता, आणि लवकर उपाय म्हणजे काहीतरी बदलून टाका. फिल्टर बदला, सेन्सर बदला, इंजेक्टर बदला. मला ते पटत नव्हतं. दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय पार्ट बदलत गेलं, तर गाडी कदाचित बरी होईल, पण कशाने बरी झाली ते कधीच कळणार नाही.

म्हणून आधी वही केली. गाडी कुठे बसली, तेव्हा भार किती होता, हवा गरम की थंड, टाकीचा काटा कुठे होता, धूर कसा होता, दिवा लागला की नाही. डिझेल मी कधी कोल्हापुरातून परतताना भरायचो, कधी निघताना वाटेत. त्यामुळे घाट चढताना टाकी कधी भरलेली असायची, कधी अर्ध्याच्या खाली. हा रकाना मी खरं तर अॅव्हरेज काढायच्या सवयीने ठेवला होता. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

साध्या गोष्टी आधी काढून टाकल्या. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतं आणि गाडी मागे पडते. इथे आरपीएम आणि वेग दोन्ही बरोबरच पडत होते. म्हणजे क्लच नाही. ब्रेक धरून राहत असतील तर चाक तापतं. घाट चढून वर थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, सगळीकडे सारखं. टायरची हवा, हौद्यातला भार, नेहमीचंच. जोर इंजिनातूनच कमी येत होता.

आता डिझेल इंजिनाचा जोर दोनच गोष्टींवर उभा असतो: आत किती हवा जाते आणि तिच्यात किती डिझेल जळतं. यातलं काय कमी पडतंय ते सायलेन्सर सांगतो. टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून आत घालणाऱ्या पंख्याच्या नळीला चीर असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, ईजीआरचा म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, तर हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि मागे काळा धूर येतो. हवा पुरेशी आहे पण डिझेलच कमी पडतंय, तर धूर येतच नाही. गाडी नुसती मरगळते. भाच्याला मागून मोटारसायकलवर यायला सांगितलं आणि बॅटरीच्या उजेडात धूर बघायला लावला. गाडी बसत होती तेव्हा मागे काहीही नव्हतं. स्वच्छ.

तरी हवेची बाजू तपासून घेतली. एअर फिल्टर काढून झटकला, टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड या रबरी नळ्यांना साबणाचं पाणी लावून इंजिन रेस केलं, क्लॅम्प आवळले. टर्बोचा दांडा हलवून पाहिला, नको तितका खेळ नव्हता. ईजीआरमध्ये काजळी होती, ती साफ केली. गाडीत काही फरक पडला नाही, आणि पडणार नाही असा अंदाज होताच.

मग डिझेल फिल्टर. तळाचा स्क्रू उघडून भांड्यात काढलं तर आधी पाणी आलं, मग डिझेल. आमच्याकडे हे नेहमीचं. समुद्राकाठची दमट हवा, पावसाळ्यात आठ-आठ दिवस उभी राहणारी गाडी आणि अर्धी टाकी. टाकीच्या रिकाम्या भागातल्या हवेतलं बाष्प रात्री गार पत्र्यावर धरतं आणि तळाशी पाणी साचतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट बुळबुळीत गाळ होतो. नवा फिल्टर कापून पाहावा असं वाटत नाही, पण जुना जरूर कापून पाहावा. आमच्या जुन्या फिल्टरच्या कागदावर तो गाळ होता आणि त्यात लालसर कणही होते. गंजाचे. नवा फिल्टर बसवल्यावर पहिली खेप बरी गेली. पुढच्या खेपेला घाटात पुन्हा बसली. वहीत पाहिलं: पहिल्या खेपेला टाकी जवळपास भरलेली होती.

यानंतर गाडी एका मोठ्या वर्कशॉपला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड निघाला पी००८७. अर्थ: रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी. बसल्या जागी रेस करून पाहिलं तर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब जुळत होते. तरी निदान मिळालं ते हे: गाडी जुनी आहे, इंजेक्टर थकलेत, पंपही करून घ्या. चार इंजेक्टर, पंप आणि मजुरी मिळून ऐंशी हजारांच्या आसपास. त्या गाडीच्या आजच्या किमतीत तो आकडा बसत नव्हता, पण माझी खरी अडचण पैशाची नव्हती. इंजेक्टर थकलेत तर भरलेल्या टाकीला ते थकत का नाहीत, याचं उत्तर कुणी देत नव्हतं.

कणकवलीत एक वयस्कर मिस्त्री आहेत. रोटरी पंपाच्या काळापासून डिझेलवर हात बसलेला आणि कॉमन रेल आल्यावर मुद्दाम शिकून घेतलेला. मी कोडचा कागद पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आधी धुराचं विचारलं. काळा धूर नाही म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे तिका हवा गावता, डिझेल गावणा नाय." आणि कोडबद्दल, "कोडान काय झाला ता सांगल्यान, कित्याक झाला ता नाय."

इथे थोडं थांबून कॉमन रेल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर आहे. जुन्या इंजिनांत पंपच प्रत्येक सिलिंडरला वेळेवर डिझेल ढकलायचा; दाब तयार करणं आणि वेळ साधणं ही दोन्ही कामं त्याची. कॉमन रेलमध्ये पंप फक्त दाब तयार करतो, तो सगळ्यांसाठी एका जाड नळीत म्हणजे रेलमध्ये साठतो, आणि कधी व किती फवारायचं ते ईसीयू इंजेक्टरच्या विजेच्या व्हॉल्व्हने ठरवतो. मोटारींमध्ये हे तंत्र १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ आणि मर्सिडीजच्या सी-क्लासमधून बाजारात आलं. पहिल्या पिढीतच दाब १३५० बारपर्यंत जायचा. साध्या मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, यावरून या आकड्याचा अंदाज यावा. रेलवर एक सेन्सर बसवलेला असतो. ईसीयू दाब मागतो, सेन्सर काय मिळालं ते सांगतो, आणि मागितल्यापेक्षा बराच कमी दाब काही वेळ राहिला की ईसीयू जोर कापतो. आमच्या गाडीत नेमकं हेच होत होतं.

दाब कमी पडायची मुख्य कारणं तीन-चारच. सेन्सर खोटं बोलतोय. इंजेक्टर आतून झिजलेत आणि रेलमधलं डिझेल परतीच्या नळीने वाया जातंय. पंप झिजलाय. नाहीतर पंप ठीक आहे, पण त्याच्यापर्यंत पुरेसं डिझेल येतच नाहीये. वर्कशॉपने मधली दोन उचलली होती. मिस्त्रींनी चौघांनाही सारखंच संशयित मानलं.

सेन्सरचं लवकर निपटलं. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी दिली. रेलमध्ये तेव्हा दाब नसतोच. स्कॅनरवर आकडा शून्याजवळ दिसला. गाडी सुरू केल्यावर निष्क्रिय, म्हणजे रेस न देता नुसतं इंजिन फिरताना तीनशे बारच्या आसपास, मागणीबरोबर. अॅक्सिलरेटर पॅडलमध्ये दोन स्वतंत्र पट्टे असतात आणि एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं चालतं. तेही शेवटपर्यंत जुळत होतं. त्या सकाळी आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी टिपली: गाडी सुरू व्हायला स्टार्टर बराच वेळ मारावा लागला. मी म्हटलं, हल्ली सकाळी अशीच करते, थंड इंजिन सुरू करताना तापवणारे हीटर प्लग गेले असतील. एप्रिल महिन्यात कणकवलीत हीटर प्लगची गरजच काय, असं त्यांनी विचारलं आणि ते वहीत लिहायला लावलं.

खरी चाचणी भाराखालीच होणार होती. दोष घाटात दिसतो तर मोजमापही घाटातच घ्यायला हवं. आंब्याच्या पेट्या घालून प्रयोग करायची माझी तयारी नव्हती, म्हणून हौद्यात जांभ्याचे चिरे भरले, टनभराच्या आसपास. टाकी मुद्दाम अर्ध्याच्या खाली ठेवली. मी गाडी चालवत होतो, मिस्त्री शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. पहिली काही वळणं ईसीयू हजार-अकराशे बार मागत होता आणि तेवढे मिळत होते. मग चढ वाढला, मी पाय दाबला, मागणी बाराशेच्या वर गेली, आणि मिळणारा आकडा आधी थरथरला, मग एकदम घसरला. हजार, नऊशे, सातशेच्या खाली. मिस्त्री म्हणाले, "आता बसतली बघ." दिवा लागला.

तो आकडा घसरायच्या आधी थरथरला, याला मिस्त्रींनी फार महत्त्व दिलं. पंप किंवा इंजेक्टर झिजलेले असतील तर दाब सहसा एका मर्यादेपर्यंत चढतो आणि तिथेच अडून राहतो. वर-खाली नाचत पडणारा आकडा म्हणजे पंपाच्या तोंडात सलग डिझेल येत नाहीये. पण हा अंदाजच. अंदाजावर थांबायचं नाही म्हणून इंजेक्टरची रीतसर तपासणी केली.

चारही इंजेक्टरवरच्या परतीच्या नळ्या काढल्या, त्यांच्या जागी पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांमध्ये सोडल्या, गाडीकडे जाणारं परतीचं तोंड बंद केलं आणि इंजिन आधी निष्क्रिय, मग दोन हजार आरपीएमला धरलं. इंजेक्टर चांगला असला तरी थोडं डिझेल परत देतोच. त्याचा व्हॉल्व्ह तसाच चालतो. पण आतून झिजलेला इंजेक्टर शेजाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट परत देतो आणि त्याची बाटली डोळ्यांदेखत पुढे जाते. आमच्या तीन बाटल्या जवळजवळ एका रेषेत होत्या, तिसऱ्या क्रमांकाची बोटभर वर. दोष म्हणावा इतका फरक नव्हता. सगळ्यांचं मिळून परत येणारं डिझेलही थोडंच होतं.

ही तपासणी करून बघायची असेल त्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या गाड्यांत कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायला मिस्त्री चालू इंजिनावर नोझलच्या पाइपचा नट ढिला करायचे. हात तिकडेच वळतो. कॉमन रेलला ते कधीही करू नका. हजार बारच्या दाबाने निघालेली डिझेलची केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते. बाहेर टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत हाताचा नाश होतो. अशी इजा झाली तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल. परतीच्या नळ्या कमी दाबाच्या असतात म्हणून बाटल्यांची चाचणी करता येते, तीही इंजिन बंद करून जोडणी केल्यावरच.

इंजेक्टर सुटले. आता उरला पंप आणि पंपाला मिळणारं डिझेल. या दोघांना वेगळं करायची युक्ती इतकी साधी आहे की ती आधीच का करत नाहीत याचं मला नवल वाटतं: टाकीच गाडीपासून तोडायची. वीस लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल भरून तो हौद्यात केबिनच्या मागे बांधला, सायलेन्सरपासून दूर ठेवत एक नळी थेट डिझेल फिल्टरच्या आत जाणाऱ्या तोंडाला आणली आणि टाकीकडून येणारी नळी बंद करून ठेवली. परतीचं डिझेल नेहमीसारखं टाकीतच जाऊ दिलं. म्हणूनच कॅन मोठा हवा. कॉमन रेलचा पंप जळतं त्याहून बरंच जास्त डिझेल फिरवतो आणि पाच लिटर बघता बघता संपतात. हाताच्या पंपाने हवा काढली आणि त्याच चिऱ्यांसकट पुन्हा घाट.

गाडी चढली. बाराशे मागितले, बाराशे मिळाले. पुढे त्याहून जास्त मागितले, तेही मिळाले. ज्या वळणावर ती बसायची तिथे मी तिसऱ्या गिअरला होतो. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त स्कॅनर माझ्याकडे फिरवला. ऐंशी हजारांत बदलायला सांगितलेले पंप आणि इंजेक्टर त्या एका चढणीत निर्दोष ठरले, आणि मला त्या क्षणी फार मोठं ओझं उतरल्यासारखं झालं.

पण मिस्त्री तिथे थांबले नाहीत. त्यांचं म्हणणं, कॅन टाकीपेक्षा उंचावर होता, डिझेल उतरत्या वाटेने आपसूक येत होतं. आमच्या गाडीत टाकीमध्ये विजेचा पंप नाही. मोठ्या पंपाच्याच पाठीला एक छोटा गिअर पंप असतो, तो टाकीतून डिझेल ओढून आणतो. तो अशक्त असता तरी कॅनवर गाडी चढली असती. शिवाय टाकीच्या बाजूचा दोष अडथळ्याचा की गळतीचा, हेही कळायचं होतं.

डिझेल ओढून आणायच्या या पद्धतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, उलट ओढ असते. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर ठिबकत नाही. बाहेरची हवा आत जाते. खाली वाकून कितीही बघा, नळी कोरडीच दिसणार. म्हणून टाकीकडून येणारी नळी आणि फिल्टर यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक नळी घातली आणि तिथेच तीन तोंडांचा टी जोडून व्हॅक्यूमचा, म्हणजे ओढ मोजणारा गेज लावला. डिझेल अडत असेल, गाळणी चोंदली असेल किंवा नळी चेपली असेल, तर गेजचा काटा खूप ओढ दाखवणार आणि नळीत बुडबुडे फारसे नसणार. हवा घुसत असेल तर उलट: ओढ कमी आणि बुडबुडे भरपूर.

कॅन काढून टाकी पुन्हा जोडली. निष्क्रिय इंजिनावर नळीत अधूनमधून एखादा बारीक बुडबुडा. रेस केलं तशी माळ लागली. मग पुढचं चाक उंच दगडावर चढवून गाडी चढणीसारखी तिरपी केली आणि पुन्हा रेस. नळी पांढुरकी झाली, डिझेलऐवजी फेस. गेजचा काटा जेमतेम हललेला. "हवा घेता," मिस्त्री म्हणाले, आणि मला टाकीचा काटा बघायला सांगितला. अर्ध्याच्या खाली. तिथेच डिझेल ओतून टाकी वरपर्यंत भरली. बुडबुडे थांबले.

ही गोष्ट मी आयुष्यात विसरणार नाही. टाकीतलं डिझेल वाढल्याने बाहेरच्या नळीची गळती थांबत नाही. भोक बाहेर असतं तर टाकी भरलेली असो की रिकामी, हवा जातच राहिली असती. भरल्यावर थांबते याचा एकच अर्थ: भोक टाकीच्या आत आहे आणि डिझेल वर चढलं की ते बुडतं.

टाकी उतरवली. डिझेल काढून घेतलं, तळाला काळा गाळ आणि गंजाचा चिखल होताच. टाकीच्या वरच्या झाकणातून एक लोखंडी नळी खाली तळापर्यंत जाते, तिच्या टोकाला जाळी असते. हीच ओढणारी नळी. जाळी अर्धी भरली होती, ती साफ झाली असती. पण नळीच्या मधोमध, अर्ध्या टाकीच्या जरा खालच्या उंचीवर, गंजाचा फोड होता. मिस्त्रींनी सुईचं टोक लावलं तर ते आरपार गेलं. शेजारी आणखी दोन बारीक भोकं. "गंजान खाल्ली ती." शहाळ्यातल्या स्ट्रॉला मध्ये चीर पडली की पाणी संपत आलं नसतानाही तोंडात हवा येते, तेच इथे.

आता वहीतली प्रत्येक ओळ जागेवर बसली. टाकी भरलेली असताना भोकं डिझेलमध्ये बुडालेली, म्हणून त्रास नाही. अर्ध्याखाली ती उघडी पडत. घाटात चढताना टाकीतलं डिझेल मागे सरकतं आणि आमच्या टाकीत ही नळी पुढच्या अंगाला असल्याने तिथली पातळी आणखी उतरते. त्यात भार, म्हणजे पंपाची मागणी मोठी, ओढ मोठी, आणि ओढ मोठी म्हणजे भोकातून हवाही जास्त. सपाटीला मागणी कमी असते. थोडे बुडबुडे फिल्टरच्या वरच्या भागात जमतात आणि पंप चालवून नेतो. गाडी बंद करून पाच मिनिटं थांबलं की फेस निवतो, मागणी नव्याने शून्यातून सुरू होते, म्हणून ती पुन्हा चढायला लागते. आणि सकाळी स्टार्टर का मारावा लागायचा तेही: रात्रभरात त्या भोकातून हवा शिरून नळीतलं डिझेल टाकीत उतरून जायचं, आणि पहिल्यांदा ते पुन्हा वर ओढावं लागायचं. हीटर प्लगचा काही संबंधच नव्हता.

दुरुस्ती सांगण्यासारखी फारशी नाही. नवं झाकण नळीसकट मिळालं, टाकी धुऊन वाळवली, आतून पत्रा अजून धड होता. टाकी ते फिल्टर या टप्प्यातल्या रबरी नळ्या आणि क्लॅम्पही नवे घातले, फिल्टर पुन्हा बदलला, हाताच्या पंपाने हवा काढली. सगळा खर्च त्या अंदाजाच्या दहाव्या हिश्शाच्याही आत आला, त्यातही मोठा भाग टाकी उतरवायच्या मजुरीचा. ती मजुरी देताना मी कां-कू केलं नाही. चाचण्यांच्या वेळेचे पैसे मिस्त्री मागत नव्हते, ते मी आग्रहाने दिले. पार्टचे पैसे आपण लगेच काढतो आणि दोष शोधणाऱ्याच्या डोक्याचे मात्र द्यायला विसरतो.

मग तेच चिरे, तोच घाट, टाकी मुद्दाम पाव हिश्शाच्या आसपास. मागितलेला आणि मिळालेला दाब दाजीपूरपर्यंत हातात हात घालून गेले. पारदर्शक नळी त्या खेपेला काढलीच नव्हती. वर पोचून बॉनेट उघडलं तर आत नुसतं पिवळसर, सलग डिझेल. दुसऱ्या दिवसापासून पेट्या भरायला सुरुवात केली.

आता पावसाळ्यात गाडी उभी करायची वेळ आली की टाकी भरूनच ठेवतो, म्हणजे पाणी धरायला रिकामी जागा उरत नाही, आणि महिन्यातून एकदा फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी काढतो. तिसऱ्या इंजेक्टरच्या बाटलीचं मात्र माझ्या डोक्यात आहे. ती बोटभर वर होती, ते चालण्यासारखं असलं तरी नोंद वहीत आहे. दिवाळीनंतर, आंब्याला मोहर येण्याआधी, पुन्हा चार बाटल्या लावायच्या ठरल्या आहेत. तेव्हा ती तिथेच आहे की पुढे सरकली ते कळेल.